भरून घेतलेलं गाणं

माझ्या कपाटात जौनपुरी रागाच्या दोन सीडी आहेत. पहिली कंपनीची. तिच्या कागदावर गायिकेचं नाव आहे, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर मागे कोण बसलं होतं, दोन्ही बंदिशींचे ताल, प्रकाशनाचं वर्ष आणि कंपनीचा पत्ता. दुसरी सीडी उलटी केली की खालून हिरवट दिसते. तिच्यावर निळ्या स्केचपेननं तीन शब्द लिहिले आहेत: ‘जौनपुरी. लाइव्ह. मस्त.’ अक्षर माझंच आहे.

ही दुसरी सीडी मला एका वयस्कर स्नेह्यांनी भरून दिली. त्यांच्याकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, शे-दोनशे कॅसेट होत्या आणि घरी आलेल्याला रिकाम्या हातानं न पाठवण्याची वृत्ती होती. त्या दुपारी मी दहा सीडी भरून घेतल्या. कुठल्या सीडीवर कोण, कुठली मैफल, साथीला कोण, हे त्यांनी भराभर सांगितलं. घरी गेल्यावर लिहू म्हणून मी ऐकत राहिलो. काही वर्षांनी ते गेले. आज त्या दहांपैकी नऊ सीडींवरच्या गवयांना मी आवाजावरून ओळखतो; जौनपुरी गाणाऱ्या बाई मात्र ओळखता येत नाहीत. जाणकार मित्रांना ऐकवलं, तर तिघांनी तीन नावं सांगितली.

आणि अडचण अशी की हे गाणं कंपनीच्या सीडीवरल्या गाण्यापेक्षा सरस आहे.

अस्सल सीडी घ्यावी की नक्कल चालेल, हा प्रश्न निघाला की माझ्या डोळ्यांसमोर ही दोन तबकं येतात. कारण या प्रश्नाचं सोपं उत्तर पहिल्या सीडीला लागू पडतं, दुसरीला पडत नाही.

आपण ‘डुप्लिकेट’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. बाजारात रीतसर मिळणाऱ्या सीडीची कुणीतरी प्रत काढून फुटपाथवर विकली, कधी मूळ कव्हरची रंगीत झेरॉक्स लावून, तर ती चोरी आहे. त्यात चर्चेला फारशी जागा नाही. आपणच घेतलेल्या सीडीची एक प्रत गाडीत ऐकायला काढली, तर ती घरातली सोय. तिसरी गोष्ट म्हणजे जे कुठल्याही कंपनीनं कधी काढलंच नाही असं गाणं: मैफिलीत, देवळात, रेडिओसमोर कुणीतरी टेप केलेलं आणि मग हातोहात फिरलेलं. इंग्रजीत या तिसऱ्या प्रकाराला बूटलेग म्हणतात. गुडघ्यापर्यंतच्या बुटात दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून तो शब्द आला. आपल्याकडे त्याला साधं ‘मैफिलीचं रेकॉर्डिंग’ म्हणतात, आणि त्यात लपवाछपवीचा वास नसतो. तो असायला हवा का, हे पुढे पाहू.

या प्रकाराचा इतिहास सीडीपेक्षा कितीतरी जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लायोनेल मेपलसन नावाचे ग्रंथपाल होते. 1901 ते 1903 या काळात एडिसनचं मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी कोरणारं यंत्र त्यांनी थेट नाट्यगृहात नेलं आणि चालू प्रयोगातले दोन-दोन मिनिटांचे तुकडे टिपले. खरखर इतकी की आवाज वादळापलीकडून आल्यासारखा वाटतो. पण झाँ द रेश्के हा त्या काळचा अतिशय मानलेला गायक आज कानावर पडतो तो याच नळकांड्यांतून. पुढे 1969 मध्ये अमेरिकेत बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची एक बिननावाची तबकडी पांढऱ्या कोऱ्या वेष्टनात विकली जाऊ लागली. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ हे नाव तिला चिकटलं, आणि रॉक संगीतात बूटलेगचा धंदा तिच्यापासून फोफावला. डिलनच्या कंपनीनं 1991 पासून त्याचं अप्रकाशित संगीत स्वतःच काढायला घेतलं, तेव्हा त्या मालिकेला नावच ‘बूटलेग सीरीज’ दिलं.

आपल्याकडे ही गोष्ट घडली ती कॅसेटमुळे. फिलिप्सनं 1963 मध्ये कॅसेट आणली. भारतात ती घरोघर पोचली सत्तरीच्या अखेरीला आणि ऐंशीच्या दशकात. तोवर ध्वनिमुद्रिका म्हणजे एचएमव्ही असं जवळजवळ समीकरण होतं. दुकानात नसलेलं गाणं मिळवायचा मार्ग एकच, भरून घेणं. कोऱ्या कॅसेटी घेऊन दुकानात जायचं, यादी द्यायची आणि दोन दिवसांनी न्यायला यायचं. ‘कॅसेट भरून घेतली’ हे वाक्य बोलताना कुणाच्या मनात अपराधाची भावना नसायची. दळण दळून आणावं तसं ते होतं. मागणी प्रचंड होती, पुरवठा तोकडा होता, आणि त्या फटीत नकली कॅसेटचा मोठा बाजार उभा राहिला. लोक चोर होते म्हणून तो वाढला असं मला वाटत नाही. त्यांना गाणं हवं होतं आणि ते परवडेल अशा किमतीत, जवळच्या दुकानात कुणी ठेवत नव्हतं.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याची तहान तर अजून वेगळी होती. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. एलपीवर वीस-बावीस. ज्या गायकाला पाऊण तास मारवा गाताना ऐकलंय, त्याचा तीन मिनिटांचा मारवा घरी आणून त्या माणसाचं समाधान होणार नव्हतं. म्हणून त्यानं टेपरेकॉर्डर घेतला. तरी कॅसेटचीही एक बाजू तीस मिनिटांची; ख्याल रंगात आला की खटकन आवाज यायचा. कॅसेट उलटून पुन्हा चालू करेपर्यंत दोन आवर्तनं निघून जायची. मोठी बाजू हवी म्हणून नव्वद मिनिटांच्या कॅसेट घेतल्या, तर त्यांची फीत पातळ. गुंडाळीतल्या एका पदराचं चुंबकत्व शेजारच्या पदरावर उमटायचं आणि गायिकेनं षड्ज लावण्याआधीच त्याची पुसट सावली ऐकू यायची. माझ्या पिढीतल्या अनेकांना काही जागा अजून त्या सावलीसकटच आठवतात.

सीडीनं या सगळ्या तक्रारी एका झटक्यात संपवल्या असं वाटलं होतं. फिलिप्स आणि सोनीनं मिळून तिची मापं ठरवली: 12 सेंटिमीटर व्यास, 74 मिनिटं. ध्वनीच्या लाटेची उंची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणी 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची. हे आकडे पॉलिकार्बोनेटच्या तबकात सूक्ष्म खळग्यांच्या रूपानं उमटवलेले असतात. खळग्यांची ओळ आतून बाहेर गोल-गोल जाते; शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन. ती ओळ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि त्यावरून लेझर परावर्तित होतो.

बाजारासाठीच्या पहिल्या सीडी छापल्या गेल्या त्या जर्मनीत, हॅनोवरजवळच्या लांगनहागनमध्ये, 17 ऑगस्ट 1982 रोजी. गाणी होती स्वीडनच्या ‘आबा’ या समूहाची. हॅनोवर हे नाव आपल्या कानाला परकं वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गेसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला, तेव्हा त्या तबकड्या छापायला बोटीनं गेल्या त्या हॅनोवरलाच. गाणं संपताना गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. ते दूर जर्मनीतल्या कारागिराला कळावं म्हणून, असं संग्राहक सांगतात. तेव्हाची ती तबकडी स्वतःचं नाव स्वतः सांगत होती. माझी जौनपुरी ते सांगत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. नकलेतला आवाज वाईटच असतो, असं अस्सल सीडीचे कैवारी सांगतात. ते सरसकट खरं नाही. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर पिढीला फुसफुस वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. सीडीचं तसं नाही. तिच्यावर आकडे आहेत, आणि आकडे नीट उतरवले तर नक्कल मुळाइतकीच असते. अस्सल आणि नक्कल यांत कानाला फरक कळलाच पाहिजे असा हट्ट धरणारे सीडीचं गणित विसरतात.

पण नीट उतरवतो कोण? फुटपाथवर दीडशे-दोनशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी मिळायच्या. सीडीवरचं संगीत सेकंदाला 1,411 किलोबिट जागा घेतं. एमपीथ्री तेच 128 मध्ये बसवतं, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा. माणसाच्या कानाची एक सवय त्यामागे वापरली आहे: मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज आपल्याला ऐकू येत नाही, मग तो ठेवायचाच कशाला? सिनेमाच्या गाण्यात हे बरंचसं खपून जातं. तंबोऱ्याला ते मानवत नाही. तंबोऱ्याची जवारी म्हणजे एका स्वराभोवती गुंजणारे बारीक बारीक उपस्वर, आणि गायक बसतो तो त्यांच्यावरच. 128 च्या नकलेत ते पाण्याखाली गेल्यासारखे होतात. तबल्याच्या दायाँच्या कडक बोलाआधी एक अस्पष्ट चुरचुर येते, कारण आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून दाबताना त्या तुकड्यातली चूक बोलाच्या आधीच पसरते. सगळ्यात वाईट म्हणजे हीच एमपीथ्री पुन्हा साध्या ऑडिओ सीडीवर भरली की ती कागदोपत्री अस्सल सीडीसारखीच दिसते, जागाही तेवढीच घेते. गेलेलं मात्र परत येत नाही. संगणकावर अशा नकलेचा वर्णपट काढला तर सोळा हजार हर्ट्झच्या आसपास कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी सपाट कड दिसते. तेवढ्यावरून तिची कुळकथा कळते.

एक खोड मला तर सहनच होत नाही. कंपनीच्या सीडीवर बडा ख्याल आणि छोटा ख्याल हे दोन ट्रॅक असतात, पण मधे खंड नसतो. विलंबित संपता संपता द्रुत उचललेला असतो. घरगुती बर्निंगमध्ये एकेक ट्रॅक सुटा लिहिला की त्या दोघांत दोन सेकंदांची शांतता घुसते. मुखडा घेऊन गायक समेवर येतोय आणि नेमकी तिथे पोकळी. कुणीतरी गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटतं.

आणि टिकाऊपणा. कारखान्यात छापलेल्या सीडीत खळगे असतात. घरी भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो. लेझर तो रंग ठिकठिकाणी जाळतो आणि यंत्राला त्या जागा खळग्यांसारख्या भासतात. हिरवट-निळसर झाक येते ती या रंगाची. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे वैरी. खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेल्या माझ्या कित्येक सीडी सात-आठ वर्षांत अडखळू लागल्या, शेवटचे ट्रॅक आधी गेले. वर चिकटवलेली गोल लेबलं तर फार वाईट. एका बाजूनं सुटली की तबक फिरताना डळमळतं. कोकणातल्या एका घरी मी पावसाळ्यानंतर बुरशीचे पांढरे ठिपके पडलेल्या कॅसेटींचं खोकं पाहिलं आहे. त्यातलं काय होतं हे सांगणारंही तिथे कुणी उरलं नव्हतं.

अस्सल ओळखायची कशी, हे मला नेहमी विचारतात. सीडी उलटी करून उजेडात धरा. रुपेरी असेल तर बहुधा छापलेली, हिरवी-निळी असेल तर भरलेली. मग मधल्या भोकाजवळच्या कड्यावर पाहा: छापलेल्या सीडीवर तिथे बारीक अक्षरांत साच्याचा क्रमांक असतो, आणि 1994 नंतरच्या पुष्कळ सीडींवर ‘आयएफपीआय’ या अक्षरांपुढे एक सांकेतिक खूण. ती कुठल्या कारखान्याची ते त्यावरून कळतं. भारतीय कायद्यानं (कलम 52 अ) ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव, पत्ता आणि प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक केलं आहे. नकली मालावर पत्ता हमखास गायब असतो.

पण अस्सल म्हणजे निर्दोष, असंही समजू नये. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा 1959 चा आल्बम जगभर लाखोंनी विकला गेला. त्याच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित करताना टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे छापील तबकडीवर त्या किंचित चढ्या स्वरात वाजतात. ही चूक दुरुस्त झाली 1992 मध्ये. तोवर जे शिकाऊ वादक तबकडीबरोबर वाजवायला बसत, त्यांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात 1988 ते 1993 या काळात छापलेल्या कित्येक सीडी कडेकडून तपकिरी पडत गेल्या, कारण वरचं लाखेचं आवरण नीट संरक्षण देत नव्हतं. त्या सगळ्या शंभर टक्के अस्सल होत्या. आपल्या जुन्या तबकड्यांच्या सीडी काढतानाही खरखर घालवण्याच्या नादात आवाजाची धार घालवलेली मी ऐकली आहे. त्यापेक्षा खरखरीसकटची तबकडी परवडली. आणि साथीदारांची नावं न छापणारी कंपनीची सीडी हातात आली की मला स्केचपेनवाल्या माझ्याच सीडीची आठवण होते.

वेगाच्या चुकीवरून पुन्हा माझ्या जौनपुरीकडे येतो, कारण तिचं एक कोडं सुटलं ते असंच. ती काळी पाचच्या जवळपास वाजायची. बाईंचा आवाज मला नेहमी जरा चिमटल्यासारखा, लय जरा उतावळी वाटायची. एकदा संगणकावर पाहताना सुरुवातीच्या शांततेत एक अगदी बारीक घरघर सापडली. ही विजेची घरघर. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तिचं गुणगुणणं 50 किंवा त्याच्या पटीत असायला हवं. माझ्या सीडीवर ते 53 वर होतं. कुठल्याशा टेपरेकॉर्डरनं मूळ मैफल हळू फितीवर घेतली असणार, आणि पुढे नीट फिरणाऱ्या यंत्रावर ती सहा टक्के जलद वाजत आली. सहा टक्के म्हणजे बरोबर एक अर्धस्वर. वेग उतरवला, पट्टी पांढरी सहावर आली, चाळीस मिनिटांचं गाणं साडेबेचाळीस मिनिटांचं झालं. आणि आवाज! एका भरल्या वयाच्या, भारदस्त बाई समोर बसल्या. आलापातला श्वास मोकळा झाला, धैवताचं आंदोलन पूर्ण होऊ लागलं. ज्या तिघांनी तीन नावं सांगितली होती, ते तिघेही चुकीच्या बाईंना ऐकत होते. मी त्यांना पुन्हा ऐकवलं. आता तिघांनीही आपापलं नाव मागे घेतलं, पण नवं नाव कुणी सांगू शकलं नाही.

नकलेत हरवतं ते हे. आवाज कधी हरवतो, कधी नाही. पत्ता मात्र जवळजवळ नेहमी हरवतो. आपल्या संगीतात गुरू कोण, घराणं कोणतं, बंदिश कुणाकडून मिळाली याला केवढं महत्त्व आहे. त्याच संगीताचे आम्ही भक्त, आणि बिननावाच्या, बिनतारखेच्या, बिनसाथीदारांच्या सीडींचे ढीग जमवून बसलो. तबल्यावर अर्धा तास जीव ओतणाऱ्या माणसाला आम्ही पुसून टाकलं. पैसे बुडवण्याइतकंच, मला तर अधिकच, हे लाजिरवाणं वाटतं.

पैशाचंही बोललं पाहिजे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. त्यामुळे 1930 च्या दशकातल्या तबकड्या आता सर्वांच्या आहेत. त्यांच्या प्रती काढणं, वाटणं यात काही गैर नाही. गाणाऱ्याचा स्वतःच्या गायनावरचा हक्क मात्र कायद्यात आला तो थेट 1994 मध्ये, आणि व्यावसायिक वापरातल्या मानधनात त्याचा वाटा 2012 च्या दुरुस्तीनं स्पष्ट झाला. म्हणजे आमच्या मैफिली टेप करण्याच्या सुवर्णकाळात गवयाचं कायदेशीर संरक्षण जवळपास शून्य होतं. तो विरोध करू शकत होता तो मंचावरूनच. आणि काहींनी तो केलाही.

केसरबाई केरकरांना टेपरेकॉर्डर मुळीच आवडत नसे. ऐन उमेदीत त्यांनी 78 च्या तबकड्या दिल्या, पण मैफिलीचं गाणं यंत्रात पकडणं त्यांना मान्य नव्हतं. गाणं समोर बसून ऐकायचं. त्यांची जी थोडी खासगी ध्वनिमुद्रणं आज जाणकारांकडे आहेत, ती ऐकताना मी भारावून जातो आणि प्रत्येक वेळी अस्वस्थही होतो. या बाईंनी ‘नको’ म्हटलं होतं. माझा आनंद त्यांच्या नकाराच्या छातीवर उभा आहे.

पण मग त्यांच्या गुरूंचा विचार येतो. अल्लादिया खाँसाहेब 1855 ते 1946 असे नव्वद वर्षं जगले. कोल्हापूर आणि मुंबई हे त्यांचं क्षेत्र, जयपूर-अत्रौली गायकीचे ते मूळपुरुष, आणि त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रण चांगलं चार दशकं भारतात रुजलेलं होतं. तरीही त्यांच्या आवाजाची तबकडी नाही. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. त्यांचाही आवाज नाही. पुण्यात बुवांचं गाणं ऐकून वेडी झालेली माणसं होती, पण त्यातल्या एकाच्याही हातात मेपलसनचं नळकांडं नव्हतं. असतं, आणि त्यानं बुवांना न विचारता दोन मिनिटं टिपली असती, तर आज आपण त्याला चोर म्हणालो असतो का? मी म्हणालो नसतो. हे प्रामाणिकपणे कबूल केल्याशिवाय या प्रकरणात पुढे जाता येत नाही.

म्हणून मैफिलींच्या ध्वनिमुद्रणांबाबत माझं मत असं बनलं आहे: गवयाच्या परवानगीनं टिपलेलं असेल तर उत्तमच, नसेल, तर ते जपावं, अभ्यासावं, पण एका पैशालाही विकू नये, आणि शक्य तिथे गवयाला किंवा वारसांना त्याची प्रत नेऊन द्यावी. रस्ता आहे, हे पुण्यात अनेकांनी पाहिलं आहे. अलूरकर म्युझिक हाऊसनं मैफिलींची ध्वनिमुद्रणं गोळा करून कॅसेटच्या रूपानं रीतसर प्रसिद्ध केली. ज्याला मोठी कंपनी हात लावत नव्हती ते गाणं नावागावासह लोकांच्या घरी पोचलं. पुण्यातच 1982 मध्ये लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचं एक मोठं संशोधन-संग्रहालय सुरू झालं, जे पुढे दिल्लीकडे गेलं. मुंबईत 1990 मध्ये जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. तिच्या सभासदांनी तबकड्यांचे क्रमांक, तारखा, गायक यांच्या याद्या बनवण्यात वर्षं घालवली. हे काम ऐकणाऱ्याला रुक्ष वाटतं. मला ते गाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

केसरबाईंकडे एकदा परत जातो. 1977 मध्ये अमेरिकेची दोन व्हॉयेजर यानं सूर्यमालेबाहेर जाण्याच्या प्रवासाला निघणार होती आणि त्या दोन्हींत पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवायची होती. रॉबर्ट ब्राउन या संगीत-संशोधकानं केसरबाईंची भैरवी सुचवली. पण ती तबकडी बाजारातून कधीच नाहीशी झाली होती. शोधणाऱ्या अ‍ॅन ड्रुयन यांना अखेर ती सापडली न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, घरगुती उपकरणांच्या गर्दीत, एका टेबलाखालच्या खोक्यात: तीन न उघडलेल्या प्रती. त्या दुकानदारानं विकल्या न जाणाऱ्या त्या तीन तबकड्या टाकून दिल्या नव्हत्या. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज त्या खोक्यातून निघून आज आंतरतारकीय अवकाशात पोचला आहे. दुसरं यान सप्टेंबरच्या 5 तारखेला उडालं आणि 16 तारखेला केसरबाई गेल्या. तबकडीवर आवाज कोरताना बाईंची संमती होती, वेष्टनावर त्यांचं नाव होतं.

हल्ली मी नवी-जुनी कुठलीही सीडी आणली की डबीत एक कागद घालतो. गायक, राग, ताल, तबला, पेटी, तंबोरे, तारीख, गाव, कुणाकडून मिळाली, कुठल्या यंत्रावरून, वेगात काही फेरफार केला असल्यास तो. जी गाणी बाजारात रीतसर मिळतात त्यांच्या भरलेल्या प्रती मी एकेक करून बदलत आणल्या. अजून तीस-पस्तीस बाकी आहेत. आमच्या स्नेह्यांच्या उरलेल्या कॅसेट त्यांच्या मुलीनं माझ्याकडे दिल्या आहेत. दर रविवारी दोन उतरवतो. त्यांच्या डब्यांत वडिलांच्या हातची चिठ्ठी सापडते का ते ती येऊन स्वतः पाहते, आणि सापडली की मोठ्यानं वाचते.

जौनपुरीच्या डबीतल्या कागदावर राग लिहिला आहे, पट्टी लिहिली आहे, वेगाची दुरुस्ती लिहिली आहे. गायिका, तबला, पेटी आणि गाव यांच्यापुढे जागा सोडली आहे.